पोरीचा दुसरा पाय

आमच्या गावाला पाणी एकच होतं. बारव. धावड्याकून घाटाच्या अंगाला चाललं का आमचं गाव लागायचं, आन गावात शिरायच्या आधी बारव लागायची. पायऱ्यांची विहीर. रहाट न्हाई, मोट न्हाई. बायांनी पायऱ्या उतरत जायचं, गुडघ्याइतक्या पाण्यात उभं राह्यचं आन घागर बुडवायची. खालच्या कोनाड्यात साती आसरांचे, पाण्यातल्या सात देव्यांचे, सात दगड होते, शेंदूर लावलेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं का शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ दिसायचं. मी लगीन होऊन आले तवा तेच पाणी पिले आन वर्षाच्या आत माझ्या घोट्याला नारू निघाला. सासरचा पहिला आहेर तोच.

नारू आता कोणाला म्हाईत न्हाई. चांगलं हाय. पायाला फोड यायचा, निखारा ठेवल्यावानी आग व्हायची. फोड फुटला का आतून पांढरा दोरा तोंड काढायचा. दोरा न्हाई, जितं जनावर. हात-दीड हात लांब. बारीक काडीला त्याचं तोंड गुंडाळायचं आन रोज बोटभर ओढायचं. जल्दी केली का तुटतो. तुटला का आतच सडतो आन पाय घेऊन जातो.

दर उन्हाळ्यात निम्मं गाव लंगडायचं. पेरणीच्या तोंडावर बाप्ये खाटंवर पडलेले. कोणी म्हणायचं उष्णता, कोणी म्हणायचं आसरांचा कोप. आन त्याला आमच्याकडं उपाय एकच होता. फोड आला का बारवेच्या पायरीवर जाऊन पाय पाण्यात सोडून बसायचं, आसरांना दहीभात ठेवायचा. गार पाण्यानं आग थांबायची. आन खरं सांगते, पाय पाण्यात टाकला का नारू लगेच तोंड बाहेर काढायचा. मंग कोण कशाला शंका घेईल? सगळ्यांना वाटायचं आसराच त्याला बोलावून घेतात.

माझी पोरगी सहा वर्षांची होती तवा तिला उजव्या गुडघ्यापाशी नारू निघाला. सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, तिनं पोरीला कडंवर घेऊन बारवेत नेलं, पाय पाण्यात सोडला. नारूनं तोंड काढलं. काडी बांधली. पाच-सहा दिवस बराबर चाललं. मी ज्वारी काढायला गेल्ते. पोरगी रडून रडून निळी झाली म्हून आत्याबाईनं जरा जास्त ओढला, एकदाचा निघून जाऊ दे म्हून. तुटला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. पू वाह्यला, ताप चढला. धोत्र्याची पानं गरम करून बांधली, हळद भरली. तालुक्याचा दवाखाना बैलगाडीनं एका दिसाचा रस्ता, आन पोरीच्या पायासाठी गाडी कोण जुंपतं तवा? पोरगी जगली. पण गुडघा वाकला तो वाकलाच. काटकोनात. जमिनीला टाच टेकंना.

मी आत्याबाईला बोलले न्हाई. तिनं बी मायेनंच ओढला होता.

एका पायानं पोरगी उड्या मारत चालायची, भिंत धरून. मी तिचा डावा पाय पाहत बसायचे. रोज सांजच्याला धुवायचे, घोट्यावरून, पोटरीवरून हात फिरवायचे, कुठं फोड तर न्हाई. माझ्या मनात एकच होतं. हा पाय गेला का पोरगी जन्मभर जागेवर. तिला मी किती वर्षं उचलंल? माझ्या मागं कोण उचलंल?

त्या सालात सरकारी डाक्टर पहिल्यांदा गावात आल्ता. निजामशाही होती, लढाई चालू होती म्हणायचे कुठंतरी. डाक्टर घोड्यावर आला, चावडीवर बसला. बाप्ये जमले. बायांनी चावडीची पायरी चढायची न्हाई, तशी रीतच होती. डाक्टर उर्दूत बोलला. पाटलाला जितकं समजलं तितकं त्यानं मराठीत सांगितलं, आन पाटलाचं जितकं ध्यानात राह्यलं तितकं त्यानं दवंडीवाल्याला सांगितलं. भिंतीला एक मोठा कागद डकवला, उर्दूत छापलेला, त्याच्यावर पायाचं चित्र. कणकीची खळ लावली होती. चार दिसांत पाटलाच्याच शेळीनं तो कागद खाल्ला.

दुसऱ्या दिशी दवंडी झाली.

"ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! बारवेच्या पाण्यात पाय घालू नका हो! घालील त्याला चावडीवर उभं करतील हो!"

आम्ही चार-पाच बाया घागरी घेऊन निघाल्तो. माझी एक जाऊ लई तोंडाळ. ती म्हणली, "मंग पाणी काय वरून पाहून प्यायचं? घागरीला काय पाय हायेत उतरायला?"

दवंडीवाला हलगी काखेत मारून म्हणला, "मला काहून इचारता, वैनी? मला तर जन्मात बारवेत उतरू दिलं न्हाई कोणी. आता तुमची बी पाळी आली."

जाऊ हसली. त्याचं खरं होतं. त्याच्या वस्तीच्या बाया वर उभ्या राह्यच्या, आम्ही वरून त्यांच्या घागरीत पाणी वतायचो. शिवायचं न्हाई. आन तरी नारू त्यांच्या घरात बी होताच, पाणी तर तेच.

काहून उतरायचं न्हाई, हे हुकुमात नव्हतं. गावात बोलणं सुरू झालं, सरकारला बारव पाह्यजे, लष्कराच्या घोड्यांसाठी. मंग काय? बाया तांबडं फुटायच्या आधी उतरायला लागल्या, दिवस निघाल्यावर कोणी न्हाई. ज्याला फोड आला तो बी पहाटेच पाय सोडून बसून घ्यायचा. हुकूम पाळला असं बी दिसलं आन सगळं आधीसारखंच चाललं.

पोरगी आठ वर्षांची झाली. तिला शेतात नेता येत नव्हतं, घरी ठेवली का आत्याबाईच्या मागं मागं उड्या मारायची, म्हातारीला काम करू द्यायची न्हाई. मी तिला सकाळी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसवून जायचे, भाकर फडक्यात बांधून. तिथं शाळा भरायची. पोरींना शाळा नव्हती, हिला बी कोणी शिकायला घेतलं न्हाई. ओट्याच्या कडंला बसू दिलं इतकंच. मास्तर परगावचे, एकटेच राह्यचे. मराठी लिहायला शिकवायचे थोडं, पण तपासणीला सायब आला का तो उर्दूच इचारायचा, म्हून मास्तर पोरांकडून उर्दूचे धडे घोकून घ्यायचे. पोरं डोलत डोलत म्हणायची. काय म्हणून राह्यलो ते त्यांना बी म्हाईत नव्हतं.

पोरगी ऐकून ऐकून शिकली. घरी जात्यापाशी बसून ती धडाच्या धडा म्हणायची, माझ्या दळणाच्या आवाजावर. आत्याबाई म्हणायची, "ही कुठली मौलवीण आणली घरात?" मी हसायचे. मला बाजारातली हिंदी समजायची, घ्या-द्याची, पण ह्या पुस्तकातल्या उर्दूतलं एक अक्षर कळंना. पण एका धड्यात पोरगी मधीच म्हणायची "नारू". पुन्हा थोडं पुढं गेलं का "नारू".

म्या जातं थांबवलं. "काय म्हणलीस?"

"धडा हाय, माय."

"त्याच्यात नारू कशाला आला?"

"मला काय ठावं? हाय तिथं."

ते माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिशी पोरीला घ्यायला गेले तवा शाळा सुटल्ती, मास्तर ओट्यावर एकलेच. परक्या बाप्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. म्या पदर पुढं ओढला, खांबाच्या आड उभी राह्यले आन पोरीकडं तोंड करून म्हणले, "मास्तरला इचार, त्या धड्यात नारूचं काय लिव्हलंय."

मास्तरनं पोरीकडं पाहूनच सांगितलं. नारूचं बीज पाण्यात असतं. डोळ्याला दिसंल न दिसंल असे किडे, त्यांच्या पोटात. पाण्यासंगं ते माणसाच्या पोटात जातात, आतल्या आत वाढतात, आन वर्षानं पायातून निघतात. नारूवाल्यानं पाण्यात पाय घातला का तो पुन्हा बीज सोडतो. दुपदरी कपड्यानं पाणी गाळून पिलं का नारू होत न्हाई.

पदराआडून मला मास्तरचा पाय दिसत होता. पोटरीला चिंधी बांधलेली आन चिंधीत काडी.

मंग मला राहवलं न्हाई. पोरीला न्हाई, सरळ त्यांनाच इचारलं. "मंग मास्तर, तुमच्या पायाला काय बांधलंय?"

मास्तरनं धोतर खाली ओढलं. मंग म्हणले, "तो धडा हाय, बाई. सायब आला का तो पोरांनी घडाघडा म्हणायचा. न्हाई म्हणला तर माझी नोकरी. पाणी कुठलं प्यायचं हे सायब इचारत न्हाई."

मी पोरीला कडंवर घेतलं आन घरी आले. वाटंनं मला आपला पहिला नारू आठवला, पोरीच्या उजव्या पायाचा आठवला. सगळं लिव्हलेलं होतं. आमच्या मारुतीच्या देवळात पोरं रोज मोठ्यानं म्हणत होती.

दुपदरी कपडा. आता हसू येतं, पण त्या सालात कपडा कुठं होता? लढाईमुळं कपडा कंट्रोलमध्ये गेल्ता, माणशी मोजून मिळायचा. माझ्याकडं दोन लुगडी, एक अंगावर, एक वाळत, दोन्हींना ठिगळं. अंगावरचं जुनं फडकं लावलं तर आत्याबाई म्हणली, "विटाळशीच्या लुगड्यानं पिण्याचं पाणी गाळतीस? आन आसरांच्या पाण्याला काय घाण लागली का, गाळायला?" ते फडकं तिनं चुलीत घातलं.

मालकाला म्या सगळं सांगितलं. आमचा मालक कमी बोलायचा. त्यानं ऐकून घेतलं, बैलाला वैरण टाकली, हात धुतले. मला वाटलं झालं, संपलं. मंग तो खाटंवर बसला आन डोक्याचा पटका सोडला. बाप्याचा पटका म्हंजी काय, हे आताच्या पोरींना कळायचं न्हाई. तो पायाला लागू द्यायचा न्हाई, ओलांडायचा न्हाई. तेवढा एकच धड कपडा होता घरात, बारीक सुताचा. त्यानं टोक दातात धरून टरकन फाडलं. चांगलं दोन हात.

"म्हातारी पाहील," मी म्हणले.

"पाहू दे."

मंग महिनाभर चावडीवर त्याला लोक चिडवत होते. "का रे, बायकोनं पटका कातरला का?" तो म्हणायचा, "उंदरानं खाल्ला." "उंदीर लुगडं नेसतो का रे तुमच्याकडं?" तो तंबाखू मळत राह्यचा.

तवापासून म्या घागरीच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधून पाणी गाळलं. एक दिवस चुकवला न्हाई. मालकाला शेतात गाळलेलंच पाणी द्यायचे. आत्याबाईनं तेवढं मान्य केलं न्हाई. तिचा तांब्या वेगळा, तिचं पाणी बारवेतलं जसंच्या तसं. म्हणायची, "तुम्ही प्या सरकारी पाणी."

मास्तरनं सांगितलं होतं, वर्षानं निघतो. म्हून मी वर्ष धरून बसले. ते वर्ष लई लांब होतं. नारूचं हेच वाईट. विंचू चावला तर लगेच कळतं काय चावलं. ह्याचं पाणी आज प्यायचं आन पाय पुढच्या उन्हाळ्यात जाणार. मधी माणूस कसं ध्यानात ठेवणार? दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळी झाली का गावात फोड दिसायला लागले. मी रोज पोरीचा डावा पाय धुवायचे. मालकाला काही निघालं न्हाई. मला न्हाई. आत्याबाईला बी न्हाई. तिनं तर सगळं कच्चं पाणी पिलं होतं! ती पाय पुढं करून म्हणायची, "पाहून घे. हाय का कुठं?"

आन वैशाखात एका सांजंला पोरीच्या डाव्या घोट्याच्या वर माझ्या बोटाला फोड लागला.

मी हात तसाच ठेवला. पोरगी म्हणली, "माय, आग होती." मी म्हणले, "हं."

आत्याबाईनं खाली बसून फोड पाह्यला. मंग हळूच म्हणली, "काय केलं मंग तुझ्या फडक्यानं?"

म्या ते फडकं घागरीवरून काढलं. चुलीपर्यंत गेले. टाकणारच होते. पटका फाडून घेतलेला, वर्षभर रोज धुतलेला, पोरीला काहीच कामाचा न्हाई. पोरगी भिंतीला टेकून पाहत होती. म्या तिला इचारलं, काहून इचारलं ते बी म्हाईत न्हाई, "तू बाहेर कुठं पाणी पिलीस का गं?"

"शाळंत. रांजणातलं."

"रोज?"

"ऊन असतं, माय. तहान लागती."

"रांजण कोण भरतं?"

"पोरं भरतात. बारवेतून."

"गाळून?"

पोरीला ह्या प्रश्नाचं नवल वाटलं. "न्हाई. शाळंत कोण गाळतं?"

म्या फडकं चुलीपासून मागं घेतलं. माझी मीच तिला रोज तिथं नेऊन ठेवत होते. घरी गाळलेलं पाणी पाजायचे आन दिवसभर तिथं बसवायचे, जिथं तो धडा म्हणतात. माझ्या डोक्यात एकदा बी आलं न्हाई का शाळंतलं पाणी बी पाणीच हाय. मला वाटलं, जिथं म्हाईत हाय तिथं होत असंल.

दुसऱ्या दिशी आत्याबाई उठली तीच पोरीला कडंवर घ्यायला. "चल, आसरांपाशी नेते. पाय सोडला का तोंड काढंल."

म्या तिची वाट अडवली. इतक्या वर्षांत तिच्या पुढं असं उभं राह्यले न्हाई कधी. "आत्याबाई, न्हाई न्यायचं."

"आग होऊन राह्यली लेकराला!"

"घागरीनं वरून पाणी वतू. इथंच. उकिरड्यावर वाहून जाईल ते. बारवेत पाय जाणार न्हाई, आन काडी मीच गुंडाळणार. दुसरं कोणी हात लावायचं न्हाई."

ती म्हणली, "म्हंजी पहिला पाय म्या मोडला म्हणतीस."

म्या वाट सोडली न्हाई. ती आत गेली आन दिवसभर जेवली न्हाई. सांजच्याला म्या पोरीला उकिरड्यापाशी बसवलं तवा ती आपणहून पाण्याची घागर घेऊन आली आन बारीक धार धरली. फोड फुटल्ता. नारूनं तोंड काढलं.

तुरीची काडी घेतली, साळून गुळगुळीत केली. तिच्यावर नारूचा एक वेढा. मंग चिंधीनं काडी पायाला बांधायची. दुसऱ्या दिशी धार धरायची, हळू ओढायचं, जरा जरी अडलं का सोडून द्यायचं. कधी अर्धा वेढा, कधी काहीच न्हाई. पोरगी दात खायची. मालक तिचे खांदे धरायचा आन दुसरीकडं पाह्यचा. मी आधी हात मांडीखाली दाबून ठेवायचे, मंग काडीला लावायचे. तुटला तर काय, हे चौघांना बी म्हाईत होतं. पोरीचा वाकडा पाय तिथंच पुढं पसरलेला असायचा.

आठ-नऊ दिवस झाले असतील, डाक्टर पुन्हा गावात आला. शेजारणीनं सांगितलं, चावडीवर बसलाय, इचारून राह्यलाय हुकूम पाळता का. पाटील म्हणून राह्यला, हो जी, बराबर पाळतो जी, कोणी उतरत न्हाई. डाक्टर लिहून घेऊन राह्यला.

चावडी आमच्या घरून चाळीस पावलं. म्या पोरीला उचललं, काडीला धक्का न लागू देता, आन गेले. पायरी चढले. सगळे बाप्ये बसलेले, मालक बी होता, मास्तर बी होते. पाटील म्हणला, "ए बाई, इकडं कुठं?" म्या पोरीला डाक्टरच्या पुढं ओट्यावर ठेवलं आन तिचा पाय दाखवला.

डाक्टरनं चष्मा लावला. "ये किसने लपेटा?"

"म्या."

"अच्छा लपेटा. तोडना मत. ऐसाच रोज." मंग पाटलाकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. "पानी गाळते क्या घर में?"

"घरी गाळतो, सायब. शाळंत न्हाई गाळत. पोरगी तिथं पिली."

म्हणून गेले आन मंग मला कळलं म्या काय केलं ते. सगळ्यांच्या माना मास्तरकडं वळल्या. डाक्टर त्यांना उर्दूत बोलला, लई वेळ. शब्द कळले न्हाई, पण मास्तरची मान खाली गेली ती वर आली न्हाई. ज्या एका माणसानं मला खरं सांगितलं होतं त्यालाच म्या उभं केलं.

तरी आलेच होते तर मनातलं बोलले. "सायब, दवंडी चावडीपाशी देतात, तिथं वाटंनं जाणाऱ्या दोन-चार बायाच ऐकतात. पाणी बाया भरतात. सकाळी बारवेवर द्या दवंडी. आन दुपदरी फडक्यानं गाळायचं सांगा, नारूवाल्यानं वरून पाणी घ्यायचं सांगा. नुसतं उतरू नका म्हणलं तर पाणी कुठून आणायचं?"

डाक्टर हसला. पाटील म्हणला, "आता सरकारला शिकवती का? जा घरी." दोघं-तिघं हसले. मालक उठला. मला वाटलं सगळ्यांपुढं बोलंल मला. त्यानं पोरीला माझ्या आधी उचललं, हळू, काडी सांभाळून, आन घराकडं चालायला लागला. मी मागं मागं.

सरकारनं काही केलं न्हाई. पण दवंडीवाला चावडीच्या खाली उभा होता, त्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिशी पहाटे बाया बारवेत उतरल्या आन वरून हलगी वाजली.

"ऐका हो मायबायांनो! पाणी दुपदरी फडक्यानं गाळून प्या हो! नारूवाल्यानं पाण्यात पाय घालू नका हो, वरून पाणी घ्या!" मंग हलगी थांबवून साध्या आवाजात म्हणला, "आन आमच्या घागरीत वतताना बी फडकं धरा, माय. आमचे बी पाय हायेत."

काही बायांनी तोंड फिरवलं. माझी तोंडाळ जाऊ म्हणली, "ह्याला लई अक्कल आली." म्या माझं फडकं सोडलं आन त्याच्या बायकोच्या घागरीवर धरलं. बस इतकंच. त्यानं तीन दिवस दवंडी दिली, मंग पाटलानं त्याला दुसऱ्या कामाला धाडलं. चार घरांनी गाळायला सुरुवात केली. बाकीच्यांकडं कपडाच नव्हता.

पोरीचा नारू अठराव्या दिशी निघाला. सांजची येळ होती. ओढलं तसा अडलाच न्हाई, येतच राह्यला, आन शेपूट सुटलं. आत्याबाईनं काडी उजेडात नेऊन पाह्यली, टोकापर्यंत. "अख्खा हाय," म्हणली. पुन्हा म्हणली, "अख्खा हाय गं." तिनं तो चुलीत टाकला आन चुलीपुढंच बसून राह्यली. रडत होती का काय, म्या पाह्यलं न्हाई. मालक बाहेर गेला. पोरीनं पाय टेकवला. टाच टेकली, बोटं टेकली.

पटक्याचं फडकं म्या मधून फाडलं. निम्मं घरी ठेवलं, निम्मं पोरीच्या हाती शाळंत धाडलं, रांजणासाठी. मास्तर माझ्याशी पुन्हा बोलले न्हाई. मी खांबाआड उभी राह्यले तरी ते पुस्तकात पाह्यचे. पण पोरगी सांगायची, फडकं रोज धुतलेलं असतं, पोरं न गाळता भरायला लागली का मास्तर छडी घेतात. वर्ष-दीड वर्षानं त्यांची बदली झाली. नवे मास्तर आले, त्यांनी ते फडकं फळा पुसायला घेतलं.

मंग राज्य गेलं, दुसरं आलं. पाट्या मराठी झाल्या. बारवेच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवला, तो लई वर्षांनी. नारू गेला. बारवेतल्या आसरा आता कोणाच्या ध्यानात बी न्हाई.

पोरीचं लगीन उशिरा झालं, बीजवराशी झालं. तिनं एका पायावर पाणी भरलं, कापूस वेचला, चार लेकरं वाढवली. आता तिचेच केस पिकले. बदनापूरला असती लेकापाशी. वर्षातून दोनदा येती मला पाहायला. मला डोळ्यांनी दिसत न्हाई फार, पण गल्लीत वळली का मला कळतं. काठी, मंग तो वाकडा पाय नुसता घासत येतो, आन मंग दुसरा पडतो. पुरा पडतो, टाचंसकट. तो ऐकला का मी खाटंवरून पाय खाली सोडते आन दार उघडायला उठते.